सातशे तीन

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या दोन कारखान्यांच्या मधे
आमची शेड. पाटी लहान.
तार बनवता म्हणजे वायरिंगची का, असं लोक विचारतात.
हो म्हणते. कुठं सांगत बसू.

तांब्याची नळी, आत सदतीस कांड्या,
नायोबियम आणि टायटॅनियम वितळून एक झालेल्या,
षटकोनी, पोळ्यातल्या घरांसारख्या एकमेकींना खेटून.
येमूलमामा त्या रचतात तेव्हा श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडतात.
घामाचा एक थेंब आत राहिला
तर पुढं कितव्या तरी किलोमीटरवर तार दगा देते
आणि फोन मला येतो.

मग टोक ठोकून निमुळतं करायचं,
सुईत ओवण्याआधी दोरा ओठांत धरून करतो तसं.
साच्याच्या भोकातून पलीकडं काढायचं, चिमट्यात धरायचं
आणि ओढायचं.
पुढचा साचा थोडा लहान. त्याच्या पुढचा आणखी थोडा.
"घाई केली की पोटात फाटते," मामा म्हणतात,
"वरून चकचकीतच दिसते, पोरी."

जाडीतून जे जातं ते लांबीत सापडतं,
वाया काही जात नाही. एवढंच इथलं तत्त्वज्ञान.
मग तुकडे करून एकोणीस तुकडे पुन्हा नव्या नळीत,
पुन्हा ओढ, मधे भट्टीत तीन-तीन दिवस,
तिथं आत टायटॅनियमचे बारीक कण सुटतात.
खोट म्हणावी असे कण.
पण चुंबकाच्या रेषा त्या खोटीलाच अडकून शांत बसतात म्हणे;
अगदी निर्मळ तार फार वेळ टिकत नाही.
हे मला पटायला वर्ष लागलं.

माझं काम शेवटचं.
बोटभर तुकडा नायट्रिक ॲसिडात सोडते.
तांबं निळं-हिरवं होऊन निघून जातं,
उरतो राखाडी झुपका, बाळाच्या जावळाहून मऊ.
तो काचेखाली पसरून मोजायचा.
सदतीस गुणिले एकोणीस.

मोजणं आमच्या घरातच आहे.
अम्मा विडी घरकुलात पंचवीसचा एक कट्टा, असे चाळीस बांधायची,
आणि कारखान्यात छाट निघून हजाराचे नऊशे व्हायचे.
नायना मागावर.
तुटलेला धागा दोन बोटांत थुंकी लावून जोडायचे,
गाठ मोराच्या मानेत लपायची.
चादर विकली जायची, मोर काही बोलायचा नाही.

मार्चमधल्या एका रिळाला सातशे दोन आले.
पुन्हा मोजले. जेवून आले, पुन्हा मोजले.
हत्तुरेसाहेब म्हणाले, एकच ना, लिही तीन.
वाईट माणूस नाही. हप्ता होता त्यांचा.
माझ्या डोळ्यांपुढं छाट काढणारा तो कारकून आला,
त्याचा आकडाही नेहमी एकाच बाजूला चुकायचा.

मी दोन लिहिलं.

रात्री नायनांना सांगितलं.
"गाठ का नाही मारलीस?"
म्हटलं, ती आत असते, तिथं बोट पोचत नाही.
ते बराच वेळ आपल्या बोटांकडं बघत राहिले.

रीळ गेलं. घेतलं त्यांनी, एक चालतो म्हणाले.

आता एक गोष्ट सांगते, हसू नका.
ही तार जे करते ते मी पाहिलेलं नाही.
आमच्या शेडमध्ये चव्वेचाळीस अंश असतात,
त्या उन्हात ती तांब्याहूनही मठ्ठ.
तिला हेलियमची थंडी लागते, सगळं गोठवणारी,
मग वीज आत शिरते आणि नुसती फिरत राहते,
कुणी न ढकलता, कशाला न घासता.
असं ऐकलंय.

कुठल्या तरी इस्पितळात, त्या मोठ्या गोल यंत्रात
आत्ता कुणी तरी पडून असेल,
हलू नका म्हणून सांगितलं असेल त्याला.
भोवती आमचं रीळ. तुटलेल्या ठिकाणी
शेजारणीच्या अंगावरून वाट काढत जाणारी वीज.

त्याला सांगायला नको.
वहीत आहे.